लेकीचं लग्न आत, मी बाहेर

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न लागलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून बंद दाराकडे बघत होते. याला कोणी सोशिकपणा म्हणेल. सोशिकपणा कसला, ते दार लाथेने उघडावंसं वाटत होतं.

मुलगी इथे जर्मनीत, स्टुटगार्टलाच वाढली, हायडेलबर्गला शिकायला गेली, तिथे मॉर्मन या अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती पंथातल्या एका मुलाच्या प्रेमात पडली आणि पुढे स्वतःही मॉर्मन झाली. तेही मी गिळलं. आदल्या दिवशी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात, दोघांच्या सह्या झाल्या तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. पण त्यांच्या लेखी खरं लग्न दुसऱ्या दिवशी, फ्रँकफुर्टजवळच्या त्यांच्या मंदिरात. ते मेल्यानंतरही टिकतं म्हणे. आणि तिथे प्रवेशपत्राशिवाय आत सोडत नाहीत. कायद्याचं लग्न आईने बघायचं, कायमचं मात्र नाही!

हे प्रवेशपत्र मिळतं फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांना, तेही मुलाखतीत सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली तर. त्यातला एक प्रश्न असतो, उत्पन्नाचा दहावा हिस्सा पूर्ण देता का? इथल्या मोठ्या चर्चचा कर सरकार पगारातून परस्पर कापून घेतं. हे लोक मात्र आपल्या हाताने देतात. माझी मुलगी तर ब्रुट्टोवर देते, कर कापण्याआधीच्या पगारावर.

"अगं, निदान नेट्टोवर, हातात पडतं तेवढ्यावर तरी दे," मी म्हणाले.

"ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आई."

तिने ठरवलं होतं. मग मी कोण बोलणारी?

बरं, भांडायचं तरी कोणाशी? आपल्याकडे गुरुजींनी दक्षिणा जास्त मागितली तर आपण तिथल्या तिथे हुज्जत घालतो. त्याच तयारीने मी लग्नाआधी त्यांच्या इथल्या शाखेच्या बिशपला, म्हणजे प्रमुखाला, गाठलं. तर हा बिशप दिवसभर लोकांच्या घरचं हीटिंग दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात बिशपपद सांभाळतो, बिनपगारी. शनिवारी पाळी आली की त्यांच्या प्रार्थनेच्या सभागृहाचे संडासही घासतो. जमलेला दशांश सगळा अमेरिकेत मुख्यालयाकडे जातो आणि तिथून शाखेला खर्चापुरते पैसे येतात, हेही त्यानेच सांगितलं. "नियम मी केलेला नाही," तो कानकोंडा होऊन म्हणाला. एक छदामही न घेणाऱ्या माणसावर ओरडणार कशी? राग तसाच घशात राहिला, आणि राहिला म्हणून मी आणखी चिडले.

लग्नाच्या दिवशी मंदिरापाशी माझा अवतार बघून नवरा बागेत फेऱ्या मारायला सटकला. थोड्या वेळाने माझ्या शेजारी येऊन बसले ते जावयाचे वडील. जन्मापासून मॉर्मन असलेला माणूस!

"तुम्ही बाहेर कसे?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मुख्यालयाने गुंतवणुकीत केवढी माया जमवली आहे हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि तेव्हापासून आपला दहावा हिस्सा ते गरजूंना अन्न वाटणाऱ्या एका संस्थेला देऊ लागले. त्यामुळे मुलाखतीतल्या त्या प्रश्नाला त्यांचं उत्तर 'नाही' असं, म्हणून प्रवेशपत्रही नाही. त्यांची बायको आत होती.

"मग लग्नापुरता भरून टाकायचा! तेवढ्याने आत जाता आलं असतं ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "म्हणूनच नाही भरला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी कितीही पैसे मोजले तरी मला आत सोडलं नसतं, आणि या माणसाने उघडणारं दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं. पोटच्या पोराच्या लग्नात कसली ही तत्त्वं? मी त्यांना फाडफाड बोलले. रागात माझं जर्मन भलतंच सुधारतं. मग तेही माझ्यासारखेच त्या बंद दाराकडे बघत बसलेले दिसले आणि मी थांबले. राग गेला नव्हता, पण तो काढायला हा माणूस चुकीचा होता.

तेवढ्यात दार उघडलं. पांढऱ्या पोशाखात मुलगी बाहेर आली, धावत माझ्याकडे.

"आई, रागावलीस?"

"हो."

तिने माझा हात धरून ठेवला. मी विचारलं, "आत आपल्या, मुलीकडच्या बाजूला कोण बसलं होतं?"

"तिथे सेवा करणाऱ्या दोन आजी. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून बसल्या."

"कोण त्या?"

"वाइस इश निश्त, माहीत नाही, आई. नावं नाही विचारली. पण इतक्या गोड होत्या! माझ्याकडे बघून रडत होत्या."

माझ्या वाट्याचं रडणंसुद्धा आत कोणी दोन अनोळखी बायका रडून मोकळ्या झाल्या होत्या.