कापसाच्या खोलीतली गरम चिप

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन आकडे होते. एक बाबांचा, कापसाच्या भावाचा. तो वर चढावा म्हणून सगळे वाट बघत होते. दुसरा माझा, लॅपटॉपच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत दिसणारा, ग्राफिक्स चिपच्या तापमानाचा. तो खाली यावा म्हणून मी एकटी धडपडत होते. जेवताना बाबा आधी स्वतःचा आकडा सांगत आणि मग विचारत, "तुह्या मशीनचा किती?" पहिल्यांदा मी "पंच्याण्णव" म्हटलं तेव्हा ते खूष झाले होते.

"चांगला चढला की."

"बाबा, हा उतरायला पाहिजे."

"मंग उलटाच धंदा आहे तुहा," म्हणून ते वरणात पोळी चुरायला लागले.

आमचं गाव मलकापूरपासून जवळच. घर तीन खोल्यांचं, आणि मधली खोली कापसाची. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं नंतरच्या वेचण्या खाल्ल्या. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचं नाव विसरा असं सांगत फिरणारे आता गावात फिरकत नव्हते. हाती लागला तो पहिल्या वेचण्यांचा पांढराशुभ्र कापूस, आणि तो बाबांनी विकला नाही. आमच्याकडे अर्धं गाव करतं तसं केलं, भाव येईपर्यंत घरात भरून ठेवला. गंजी खिडकीच्या वर गेली. अंगाला खाज सुटायची, पण पश्चिमेची भिंत कापसानं झाकल्यामुळे ती खोली घरात सगळ्यात थंड असायची. म्हणून माझं टेबल तिथे होतं.

लॅपटॉप पुण्याच्या आतेभावानं नवा घेतल्यावर मला दिलेला जुना. गेम खेळण्यासाठी बनवलेला, तरी पाटीएवढा लहान. मी गेम फारशी खेळत नाही. त्या गेममध्ये दिसणाऱ्या खोल्या, रस्ते, झाडं संगणकावर कशी बनवतात ते व्हिडिओ बघून शिकले होते. घरी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. मला सांगायला जमत नाही, आणि सांगितलेलं फसलं तर चार लोक विचारतात. पण नोकरीसाठी केलेल्या अर्जावर गेम बनवणाऱ्या पुण्यातल्या एका स्टुडिओनं चाचणी पाठवली तेव्हा मी दोन घास कमी जेवले आणि आईनं लगेच ओळखलं की काहीतरी आहे.

चाचणी साधी होती. कोणतीही एक खोली, एक मिनिटाचं दृश्य, सोमवारी संध्याकाळपर्यंत. शाळेत गावावर निबंध आला की मी नेहमी नदी आणि डोंगर लिहायचे. आमच्या गावात दोन्ही नाही. या वेळी मी जिथे बसले होते तीच खोली बनवली. गंजी, तिच्यावरची फट, फटीतून येणारा उन्हाचा पट्टा आणि त्या पट्ट्यात तरंगणारे कापसाचे तंतू. बनवताना इतका आनंद होत होता की मी पाय खुर्चीवर घेऊन बसायचे, कारण जमिनीवर ते स्थिर राहत नव्हते.

अडचण त्या तंतूंचीच होती. उन्हात तरंगणारा प्रत्येक तंतू चिपला मोजावा लागतो. दृश्याची अंतिम चित्रं तयार करायला लावली की आकडा भराभर चढायचा, पंखा किंचाळायचा आणि पंच्याण्णवच्या पुढे स्क्रीन काळी व्हायची. सोमवार जवळ येत होता आणि माझ्याकडे मिनिटातली जेमतेम पहिली काही सेकंदं होती.

मी काय काय केलं. चिपचा वेग थोडा दाबला, तिला मिळणारी वीज कमी केली. चार अंश उतरले. कूलर समोर ओढला, तर ओलसर हवेनं की-बोर्ड चिकट झाला. लॅपटॉप खालून हवा ओढतो, म्हणून त्याला बाटल्यांच्या झाकणांवर उभा केला. संध्याकाळी बघते तर झाकणं काढून ठेवलेली आणि लॅपटॉपच्या खाली एक छोटी गादी. आईनं जुन्या साडीच्या फुलाफुलांच्या कापडात घरचाच कापूस भरून शिवली होती.

"टणक झाकणांवर काऊन ठेवतं? लागत असंन त्याले," ती म्हणाली.

टाके इतके बारीक होते की तिच्यासमोर मी ती काढली नाही. ती शेजारी गेली की मी गादी काढायचे, ती आली की परत ठेवायचे. एकदा विसरले आणि आकडा अठ्ठ्याण्णववर गेला. तेव्हा मात्र सांगावंच लागलं की याला नाक खाली आहे आणि गादीनं ते दाबतं. आईनं गादी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "आधी सांगतं का नाही? तोंडात मूग ठेवून बसतं."

शनिवारी सकाळी बाबा रोजच्यासारखे गंजीपाशी आले. आत ओल राहिली असेल तर कापूस मधूनच तापतो आणि पिवळा पडतो, म्हणून ते रोज बाही वर करून हात खोल खुपसून बघत. मी टेबलाशी बसून बघत होते. हात बाहेर आला तेव्हा त्याच्यावरच्या केसांना तंतूंची पांढरी जाळी चिकटली होती. आणि मला एकदम कळलं. बाबांचा हात दिवसातून एकदा आत जातो, माझा पंखा दिवसभर हीच हवा ओढतो. थंड खोली म्हणून मी त्याला नेमकं कापसात आणून बसवलं होतं. बाहेरच्या फटींतले तंतू मी पुसायचे, आत काय असेल याचा विचारच केला नव्हता.

लॅपटॉप मी कधी उघडला नव्हता. स्वयंपाकघरात पीठ मळायची परात घेतली, म्हणजे स्क्रू घरंगळून कापसात जायला नकोत. आई समोर बसली. मी स्क्रू काढत असताना तिनं परातीची कड धरून ठेवली. मागचं झाकण निघालं. पंखा दिसत होता तसा स्वच्छ. पण पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मध्ये, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे राखाडी पट्टी बसली होती, घोंगडीच्या काठासारखी घट्ट. आईनं तिच्या शिवणाच्या डब्यातला चिमटा दिला. पट्टी अख्खी निघाली. इतका आनंद मला दहावीच्या निकालानंही झाला नव्हता.

आईनं ती तळहातावर घेतली आणि बोलता बोलता, सवयीनंच, दोन तळव्यांत वळायला लागली. वळून झाल्यावर बघते तर वात झालेली.

"हे देवाले नाही चालणार," ती म्हणाली. "लयच मळलेली आहे." पण फेकली नाही, खिडकीत ठेवली.

चिपवरची, तिची उष्णता ओढून घेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. ती मी आधीच मागवून, भीतीपोटी न वापरता ठेवली होती. सुरू केलं. आकडा चढला, पंचाहत्तर, ऐंशी, आणि ब्याऐंशीवर थांबला. तो ब्याऐंशीच राहिला. आई म्हणाली, "उतरला?" मी मान डोलावली. तिनं ओट्यावरची पापड भाजायची जाळी धुऊन, पुसून पुढे केली. "हे ठेव खाली. याले भोकं आहेत." स्वयंपाक तिनं अंगणातल्या चुलीवर हलवला आणि माठाशेजारचा ओटा मला दिला.

सोमवारी दुपारी काम पाऊण झालं होतं. प्रत्येक चित्र वेगळं साठत होतं, पण मध्ये थांबवलं असतं तर संध्याकाळ गाठणं अशक्य. आणि तेव्हाच दारात गाडी लागली. मलकापूरचे कापसाचे व्यापारी, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, भाव घेऊन आले होते. बाबा कितीतरी महिने ज्याची वाट बघत होते तो आकडा. मजूर उतरले.

बाबांनी मधल्या खोलीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. मध्ये दार नाही, नुसती चौकट आहे. गंजी हलली की तंतू उडणार.

"चाचा, उद्या नाही जमत काय?" बाबा म्हणाले.

"भाऊ, उद्याचा भाव उद्या. हमाल बसून राह्यले. काय झालं?"

"पोरीचं मशीन चालू आहे अंदर. कापूस उडला का ते बिघडते."

"मशीनसाठी माल थांबवता?"

मी अनोळखी माणसांसमोर बाहेर येत नाही. चहासुद्धा आई देते. त्या दिवशी मी चौकटीत येऊन उभी राहिले आणि म्हणाले, "भरा कापूस. फक्त खिडकीकडून सुरू करा, इकडचा शेवटी उचला." माझा आवाज मलाच मोठा वाटला. आईनं तोवर एक सुती साडी बादलीत बुडवून आणली. मी आणि तिनं ती निथळती चौकटीवर ताणून खिळ्यांना बांधली.

मजूर गंजीवर चढले. गाठोडी बाहेर जायला लागली, खोली धुक्यासारखी भरली. साडीवर तंतू चिकटत गेले. मी आत, डोळे आकड्यावर. पलीकडून बाबा ओरडले, "किती?"

"ब्याऐंशी," मी ओरडले.

थोड्या वेळानं परत, "किती?"

"चौऱ्याऐंशी."

आई साडीवर तांब्यानं पाणी मारत होती. एक मजूर म्हणाला, "ताई, आता किती?" मग दुसरा. प्रत्येक गाठोड्यामागे कुणीतरी विचारायचं आणि मी जोरात सांगायचे. चाचा आत येऊन बाबांना म्हणाले, "भाव तर ठरला ना आपला? हे काय बोली लावून राह्यले?"

"ते अलग आहे," बाबा म्हणाले. "तो उतरला का चांगला."

चाचांनी साडी बाजूला न करता कडेनं डोकावून स्क्रीनवरची कापसाची गंजी बघितली. "अरे, हा तर तुमचाच माल आहे, भाऊ. याचा भाव काय?"

"याचा पुणेवाले सांगतील."

सत्त्याऐंशीला मी ओठ चावले. चौकटीजवळचा शेवटचा ढीग उचलला तेव्हा अठ्ठ्याऐंशी. मग गाडी गेली, तंतू खाली बसले, आणि आकडा एकेक करत उतरायला लागला. शेवटचं चित्र साठलं तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. रेंजसाठी गच्चीवरच्या टाकीपाशी उभं राहून मी फाइल पाठवली. खाली आले तर साडी अशी पांढरी झाली होती की मूळचा रंग काठालाच दिसत होता.

त्याच आठवड्यात उत्तर आलं. उन्हातले तंतू कसे केले, असं त्यांनी विचारलं होतं, आणि खाली, काम कधी सुरू करता येईल, घरून चालेल का. मी आधी आईला सांगितलं, मग बाबांना, पूर्ण वाक्यात.

बाबा म्हणाले, "दाखव तरी काय पसंत पडलं ते." झाडून काढलेल्या मधल्या खोलीत त्यांनी ते मिनिट दोनदा बघितलं. मग वाकून, गंजीत घालायचे तसा, लॅपटॉपच्या मागच्या फटीपाशी हात धरला.

"गरम आहे," ते म्हणाले. "पण आतून चांगला आहे."