तगरीवरचा कोळी

भाची केतकीने भावोजी गेल्याचा फोन केला तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात… ज्यांना जमतं त्यांनी बोलावं. मी पिंजौरहून चंदीगडची बस धरली, ती पर्समध्ये कात्री टाकून.

त्यांचं घर तळमजल्यावरचं. दारापुढे तगर फुलांनी पांढरी व्हायची आणि माझी ताई देवाला फुलं आणायची मंडईतून! कारण काय, तर भावोजींचे कोळी. खेकड्यासारखा तिरका चालणारा हा पांढरा कोळी जाळं विणत नाही. पांढऱ्या फुलात पुढचे पाय पसरून नुसता बसून राहतो. मधमाशी टेकली की तिची मान धरतो, शोषून घेतो आणि रिकामं टरफल खाली टाकतो. "बघा, काय धीर आहे!" भावोजी म्हणायचे. मला तो दबा धरलेला दरोडेखोर दिसायचा, आणि खरं सांगते, भावोजीही त्याच गोतातले वाटायचे. घुमे, एक शब्द जास्तीचा नाही.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली. शेवटचे पंधरा दिवस तिने अन्न सोडलं होतं. तिला उचलायच्या आधी मी ओंजळभर तगर तोडायला गेले, तर हा माणूस आडवा आला.

"त्या झुडपाला हात लावायचा नाही."

"अहो, तिने पाणी घालून वाढवलंय ते!"

"नाही म्हटलं ना."

ताई मंडईतला झेंडू अंगावर घेऊन गेली. त्यानंतर मी त्या घरचं पाणी प्यायले नाही.

म्हणून ती कात्री. आत माणसं जमलेली असताना मी तगरीची फांदी धरली, तर केतकी धावत आली. "मावशी, रुको! वो मम्मीवाली है." तिने सांगितलं, ताईच्या त्या शेवटच्या पंधरा दिवसांत याच फांदीवर कोळ्याच्या एका मादीने पान दुमडून अंडी घातली होती आणि काही न खाता ती त्यांची राखण करत होती. "पापा रोज़ मम्मी को उठाकर दिखाने लाते थे. मम्मी ने प्रॉमिस लिया था, मेरे लिए भी मत तोड़ना."

मग तसं सांगायला यांचं तोंड शिवलं होतं का? तीन वर्षं मी जळत राहिले… भावोजींना मी मंडईतलाच झेंडू वाहिला. केतकीला वाटलं, मावशी निवळली. मुळीच नाही.

हल्ली आठवड्यातून एकदा जाते. देवाला मंडईतली फुलं वाहते, तगरीला पाणी घालते. एखाद्या फुलात कोणी पाय पसरून बसलेलं दिसलं की वाकून त्यालाच विचारते, "एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं, भावोजी?"