शेनिनला डिपिंग करत नाहीत

निघायच्या सकाळी आप्पा बागेतच होते. हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाले, "जा, तिकडचं शिकून ये. वेली काय पळून जात नाहीत." दिंडोरीजवळची ती शेनिनची, म्हणजे वाइनच्या द्राक्षाची, बाग आप्पा, धाकटा भाऊ विलास आणि मी अशा तिघांनी लावली होती. पुढेमागे स्वतःची वाइन करायची, हे खूळ माझं.

बायकोला डब्लिनला आयटीत नोकरी लागली. मी डिपेंडंट व्हिसावर तिच्यामागे आलो आणि जवळच्या स्वोर्ड्समधल्या एका वाइनच्या दुकानात लागलो. तिथे साव्हेनिएर नावाची वाइन ओळखीची झाली. साव्हेनिएर हे फ्रान्समधलं नदीकाठचं एवढंसं गाव. त्याच्या नावानं वाइन विकायची तर द्राक्ष फक्त शेनिन, दुसरं चालत नाही. लॉकडाउनमध्ये प्लॅस्टिकच्या पडद्याआडून बाटली देतानाही मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "हीच वेल आमच्या घरी आहे." "ग्रँड!" म्हणून लोक निघून जायचे.

दोन हजार वीसच्या डिसेंबरात विलासला फोन केला. तो घाईत होता. "दादा, मागून बोलतो. डिपिंगला बायका आल्यात."

त्यानं फोन ठेवला. डिपिंग म्हणजे मणी फुगावा म्हणून घड औषधात बुडवणं. ते खायच्या द्राक्षाला. वाइनला मणी बारीकच हवा. शेनिनचा घड कुणी बुडवत नाही.

लगेच परत फोन लावला. "विलास, शेनिन कुठंय?"

"काढली. वाइनरी माल उचलेना. खायची थॉमसन लावून दोन वर्षं झाली."

"मग व्हिडिओ कॉलवर लांबून काय दाखवत होतास?"

"आप्पाच म्हणाले, त्याच्या जिवाला घोर नको." मग तो चिडला. "आणि सांगून तू काय करणार होतास दादा? तिथून फवारणी?"

त्याचं खरं होतं. गेल्यापासून एकाही छाटणीला मी तिथे नव्हतो. वेली काढल्या, ठीक आहे. मीही काढल्या असत्या. पण सगळ्यांनी मिळून, हसतमुखानं, दोन वर्षं? घरात आजारी माणूस असताना पाहुण्यासमोर सगळे हसतात, तसं.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हे कळेल. घरची वाईट बातमी आपल्याला आधी कळते, म्हणून ते आपलं घर, असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीत नाशिककडे अवकाळी पाऊस झाल्याचं वाचलं. रविवारी आप्पांना विचारलं, "मणी तडकले का?"

"ते राहू दे रे. तिकडं थंडी किती आहे?"

मी थंडी किती आहे ते सांगितलं.