बैठकीतला मामा

आईचा घटस्फोट झाल्यावर आमच्या घरात पुरुष म्हणावा असा कोणी उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून काही अडतही नव्हतं. नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत आई ब्लाउज शिवायची, आम्ही दोघी बहिणी शिकायचो. अडलं ते ताईच्या लग्नाचं पाहायला लागल्यावर. बैठकीत बोलणार कोण? तिथे बाई बोलली की लोक एकमेकांकडे पाहतात.

तेवढ्यात वरच्या खोलीत तो भाडेकरू आला. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची दलाली, इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात साखर. "ताई, काही लागलं तं आवाज द्या," म्हणत गॅसचं सिलिंडर उचलून आणायचा. भाऊबीजेला आपणहून पाटावर येऊन बसला. आईने ओवाळलं आणि तो आमचा मामा झाला. मग रात्रीचं जेवणही आमच्याकडेच. आम्हा तिघींनाही तो आवडायचा, याचाच मला जास्त संताप येतो.

सावनेरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. ताईने मनातल्या मनात संसारही मांडून टाकला. बैठकीत मामा असा बोलला की आईचे डोळे भरून आले. साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, ठरवायला तो एकटाच सावनेरला जाऊ लागला. आई त्याला डबा बांधून द्यायची.

मग तिकडचे फोन बंद झाले. गावाकडे काम निघालं म्हणून मामानेही खोली सोडली. शेवटी आई मला घेऊन सावनेरला गेली. मुलाची आई दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तुमच्या त्या भावाच्याच पुतणीशी जमलं आमच्या पोराचं," ती म्हणाली. "तुमचा भाऊ कायचा? तोच म्हणे, मी त्या बाईचा कोणी नाही, नुसता वर राहतो. जिची माय नवऱ्यापाशी टिकली नाही, ते पोरगी काय टिकन?"

घटस्फोट आम्ही लपवला नव्हता. याच बाईने बैठकीत "आम्हाले त्याचं काही नाही" म्हटलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी त्या माणसाला शिव्या घालू लागले, तर आईने माझाच हात दाबला.

"आस्ते बोल. परका माणूस आपल्या घरी काहून जेवत होता, असं लोकं इचारतील. मंग तुले कोण पाहाले येईन?"

घरी ताई दारातच उभी होती. आईने एवढंच सांगितलं की ते नाही म्हणाले.

ताई आईवरच चिडली. "तू काहून गेली वं आई? मामाले गावाहून बोलावाचं होतं. त्याले बोलता येते."