दाखल्यावरचं नाव

सुनंदाबाई आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून दहावीला बसल्यात. परीक्षा परवा सुरू होते. रोज संध्याकाळी त्या माझ्याकडे गणिताचा सराव करतात.

काल त्यांचा कागद तपासायला उलटला, तर मागे सह्याच सह्या. सुनंदा रामचंद्र जगताप. सहाव्या ओळीला हात सवयीने सासरच्या आडनावावर गेलेला, आणि ते इतकं जोरात खोडलेलं की कागद फाटला होता.

"शाळेच्या दाखल्यावर माहेरचंच नाव आहे ना," त्या म्हणाल्या. "सही चुकली तर बसू देतील का हो?"

"देतील," मी म्हटलं, पण खात्री मलाही नव्हती. लग्नात नाव बदललं असं आपण सहज म्हणतो. जुनं नाव कुठे जातं, हे कोणी विचारत नाही. यांचं बहुतेक शाळा सुटली त्या नववीच्या बाकावरच राहून गेलं असावं.

सराव म्हणून मी वर्गात घेतात तशी हजेरी घेतली. "जगताप सुनंदा रामचंद्र."

त्या मान खाली घालून गणित सोडवत राहिल्या.

मी पुन्हा पुकारलं. पेन थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून.