काचेवर एक मग पाणी

माझं पोस्टिंग पूर्वेकडच्या सीमेवर, एका डोंगराळ सेक्टरमध्ये होतं. रँक नायक, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. नोकरीत मी बंदुकीपेक्षा पाने जास्त चालवले, हे आधीच सांगून टाकतो. गावातली पोरं मोठ्या आशेने विचारतात आणि मग त्यांची तोंडं उतरतात.

युनिटमध्ये पोलादपूर तालुक्यातले आम्ही दोघेच. दुसरा हवालदार रघुनाथ. तो रिकव्हरी व्हेइकलचा ड्रायव्हर होता. घसरलेल्या, रुतलेल्या गाड्या ओढून आणणारा तो मोठा ट्रक. गावाकडे आमच्या वाड्या एकाच डोंगरावर, मध्ये फक्त ओढ्याएवढा एक वहाळ. त्यामुळे परेडवर तो मला नायक म्हणायचा आणि परेड संपली की वश्या.

सकाळी साडेपाचला फर्स्ट परेड. प्रत्येक गाडीचं तेल, पाणी, टायर, ब्रेक, दिवे, वायपर तपासायचे आणि रजिस्टरात ओके लिहून सही करायची. रघुनाथची त्यात एक जास्तीची सवय होती. वायपर चालू करून तो काचेच्या मुळाशी मगभर पाणी ओतायचा. "कोरड्यात सगळेच हुशार," म्हणायचा. "भिजल्यावर काय करतो ते बघ." वायपर थांबला नाही तर मेकॅनिकने ओरडून सांगायचं, "गाडी ओके, उस्ताद!" आवाज बारीक निघाला तर उरलेलं पाणी मेकॅनिकच्या डोक्यावर. तिथल्या थंडीत हा विनोद त्याच्याशिवाय कुणालाच आवडत नसे.

एका सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. रघुनाथ ऑर्डर घ्यायला ऑफिसात गेला होता. मी वायपर कोरडाच दोनदा फिरवला, ओके लिहिलं, सही केली आणि चहाला पळालो. एवढंच केलं मी. त्याचं ओझं वीस वर्षं वाहिलं.

दुपारी एक गाडी रुतल्याचा मेसेज आला. आम्ही दोघे निघालो, मागे रेडिओवाली एक जीप. चढावर पाऊस लागला आणि तीन चाळीसला वायपर काचेच्या मध्यावर थांबला. मोटरच्या वायरच्या जोडात पाणी शिरलं होतं. एक मग पाण्याने सकाळीच कळलं असतं. रघुनाथने गाडी उभी केली.

"नायक, उतर. काच पूस."

मी उतरलो. फडकं घेऊन वळेपर्यंत रस्त्याची कड सुटली आणि गाडी रघुनाथला घेऊन दरीत गेली. मी धावत जाऊन मागच्या जीपचा रेडिओ घेतला. "रिकव्हरी वन. व्हेइकल डाऊन. वन कॅज्युअल्टी. ओव्हर." पलीकडून विचारलं, "से अगेन?" मी तेच पुन्हा सांगितलं. तोवर मला कॅज्युअल्टी हा शब्द फक्त फॉर्मवर लिहायचा माहीत होता.

चौकशीत ठरलं की कड पावसाने ढासळली, दोष कुणाचा नाही. मी वायपरचंही सांगितलं होतं, तेही लिहून घेतलं. पण रघुनाथच्या आईला, काकींना, ते सांगायचं माझ्याने झालं नाही. रिटायर होऊन गावी आलो. त्यांच्या घरी गेलो की पत्रे नीट कर, पंप बघ, काहीतरी दुरुस्त करूनच परतायचो. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. काकींना आठवड्यातून दोनदा महाडला डायलिसिसला न्यावं लागतं. वाडीच्या रस्त्यावर दरड आल्यामुळे एक खेप चुकली होती. पाय सुजले होते, उशी लावून बसल्याशिवाय झोप लागत नव्हती. दुसरी खेप चुकवू नका, असं डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट बजावलं होतं. वेळ अकराची. दरडीतून जीपपुरती वाट मोकळी झाली होती, एसटी अजून बंदच. आणि सकाळी आठ वाजता रघुनाथचा धाकटा भाऊ दिनेश भिजत माझ्या दारात आला.

"दादा, जीपचा वायपर मेलाय. बाहेर हातभर दिसत नाय. आईला कशी नेऊ?"

आठ वीसला मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतो. काकी जीपच्या मागच्या सीटवर, उशीला टेकून, तयार होऊन बसल्या होत्या.

बटण दाबलं. काही नाही. फ्यूज काढून बघितला, तार तुटलेली. दिनेशकडे दोन फ्यूज होते. एक लावला. मोटर कण्हली, वायपर बोटभर हलला आणि फ्यूज पुन्हा उडाला.

"सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळूया," दिनेश म्हणाला. "मुंबैला टॅक्सीवाले तेच करतात."

"आणि वायरिंग पेटलं तर घाटात विझवणार कोण? तू?"

फ्यूज उगाच उडत नाही. मोटर कण्हली म्हणजे करंट तिथपर्यंत पोचत होता. मग मोटर तरी आतून अडकली असेल, नाहीतर तिच्यापुढचं काहीतरी. मोटरची गती दोन्ही वायपरना पोचवणारी एक दांडी असते. बॉनेट उघडून तिचं मोटरकडचं टोक सोडवलं आणि हाताने हलवून बघितलं. हलेना. दोष दांडीत होता आणि बाकीची दांडी काचेखालच्या जाळीच्या आत. जाळीचे स्क्रू गंजलेले. मी तेल सोडून थांबलो.

शेडवर पाऊस बदडत होता. काकींनी मागून विचारलं, "वसंता, त्या दिशीपन असाच पाऊस होता काय रे?"

हातातला स्क्रूड्रायव्हर मी बाजूला ठेवला. वीस वर्षं जे जमलं नव्हतं ते जाळीकडे बघत बघत सांगून टाकलं. बर्फाची साय, कोरडा वायपर, माझी सही, "उतर, काच पूस."

काकी उशीवरून पुढे सरकल्या.

"म्हंजे त्यानंच तुला उतरवला."

"हो."

"मंग बरा झाला. दोन आयांपैकी एकीचा तरी घरी आला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दर येळेला पत्रे ठोकत बसायचास, तवाच सांगितला असतास तर माजे पत्रे कमी फुटले असते. आता हात चालव. अकराला पोचायचा हाय."

मला हसूही आलं आणि रडूही. स्क्रू मात्र सुटले.

जाळी उचलली आणि दिनेशने टॉर्च जवळ आणला. आत चिखल, कुजलेली आंब्याची पानं, दांडीला गच्च गुंडाळलेला लाल दोरा आणि त्या चिखलात हिरवीगार उभी सात-आठ भाताची रोपं.

आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात. नव्या भाताची लोंबी, आंब्याचं पान, दोऱ्यात गुंफून दाराला, नांगराला, गाडीला. काकी दर वर्षी रघुनाथच्या नावाने जीपला बांधायच्या. बंपरला बांधलं की बकऱ्या खातात म्हणून वायपरच्या बुडाशी. रघुनाथच्या नावाचं म्हणून ते काढायला कुणी धजत नसे. लोंबी गळून आत पडली, पानांनी पाणी जायचं भोक बुजलं आणि साचलेल्या पाण्यात भात रुजलं.

"दिन्या, काय हाय रे आत?"

"आई, तुजं नवं. रुजलंय."

"फेकू नको!" आजारी बाईचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. "मातीसकट पिशवीत घाल."

रोपं पिशवीत घालून काकींच्या मांडीवर दिली. दोरा ब्लेडने कापला. छत्रीच्या काडीने भोक मोकळं केलं, साचलेलं पाणी गळून गेलं. दांडीच्या सांध्यांना ग्रीस लावलं. आता दांडी एका बोटाने हलत होती. ती मोटरला जोडली आणि उरलेला शेवटचा फ्यूज लावला. हा उडाला असता तर त्या दिवशी महाड नव्हतंच.

"बटण दाब."

वायपर गेला, आला. पुन्हा गेला, आला. दिनेश लगेच गाडी काढायला निघाला.

"थांब," मी म्हटलं. पत्र्याच्या पागोळीखाली मग धरला, भरला आणि काचेच्या मुळाशी सगळा ओतला. वायपर चालतच राहिला. मी पूर्ण मिनिटभर घड्याळ बघितलं.

नऊ दहाला निघालो. दरडीपाशी मी उतरून वाट दाखवली. काच स्वच्छ होती, दिनेशला माझे हात नीट दिसत होते. दहा पन्नासला महाडला पोचलो. काकींना आत नेलं, पिशवी मात्र त्या सोडेनात. शेवटी नर्सने ती खिडकीत ठेवली, त्यांना दिसेल अशी.

दोन दिवसांनी लावणीत ती रोपं त्यांच्या शेताच्या बांधाजवळ लागली. काकींनी छत्रीखाली खुर्चीवर बसून दिनेशकडून लावून घेतली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच लोंब्या कापून त्यांनी नवं बांधलं आणि मला बोलावलं.

"आता कुठं बांधू रे मेकॅनिक?"

"बाजूच्या आरशाला, काकी. उंचावर. बकरीही पोचणार नाही."

बांधून झाल्यावर त्यांनी स्वतःच मग भरून माझ्या हातात दिला. दिनेशने वायपर चालू केला. मी काचेच्या मुळाशी पाणी ओतलं. वायपर थांबला नाही.

मी सावधान उभा राहिलो. साठीच्या घशातून निघेल तेवढ्या मोठ्याने, आरशावरच्या लोंब्यांकडे बघून, वीस वर्षं राहून गेलेला रिपोर्ट दिला.

"गाडी ओके, उस्ताद!"