उघड्या डबीतले छर्रे

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर, गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, जव्हारला, एअर रायफलच्या निवड चाचणीत. एका खासगी क्लबची चाचणी. बाहेरगावच्या निवासी प्रशिक्षणाची जागा एकच. जो निवडला जाईल त्याला रायफल, कोच, जेवण. बाकीच्यांना गावाकडची एसटी, आम्हाला खोडाळ्याची.

सरावाला क्लब स्वस्तातले छर्रे द्यायचा. एका डबीतले दोन सारखे नसत. एखादा जड, एखाद्याची मागची पोकळ कड चेपलेली. रायफल तीच, श्वास तोच, आणि भोकं कागदभर पांगलेली. बहिणीला वाटायचं, आपला हातच हलतो. मग एकदा डबी ओतून बघितली आणि तिने छर्रे निवडायला घेतले.

आई म्हणाली, "बी निवडतो तसंच ना गं?" आणि सूप पुढे केलं. शिसं मऊ. सुपात घोळून चांगले होते तेही चेपले. मग खिडकीची काच तिरकी ठेवून बहीण एकेक छर्रा सोडू लागली. सगळे एका वळणाने घरंगळायचे, वेगळा वळेल तो बाद. उरलेले जव्हारच्या बाजारात सोनाराच्या काट्यावर. "हॉलमार्क मारून देऊ का?" तो हसायचा, पण काटा द्यायचा. सारख्या वजनाचे एका डबीत जमले, आणि भोकं एकमेकांत मिसळायला लागली. हात तिचा पहिल्यापासून स्थिरच होता.

चाचणीत परीक्षकाने तीच डबी उचलली. "उघडी का?"

"निवडलेत सर. वजन करून."

"म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. सीलबंद डबी आण, नाहीतर क्लबचे छर्रे घे. नियम सगळ्यांना सारखा."

शेजारच्या मुलाकडे परदेशी डबी होती, कारखान्यातच तोलून, निवडून सील केलेली. निवडायचं काम कारखान्याने केलं की दर्जा, माझ्या बहिणीने केलं की लबाडी.

मी म्हणालो, "सर, काटा आणतो. दोन्ही डब्या तोलू."

"तू तो मोर्च्यांची पत्रकं वाटणारा ना? तुझा मोर्चा बाहेर काढ."

ती क्लबच्या छर्ऱ्यांवर खेळली. भोकं पुन्हा पांगली. निकाल लावताना परीक्षक म्हणाला, "नेम कच्चा आहे, मेहनत करा." शेजारी उभ्या पालकांनी माना डोलावल्या.

एसटीत तिने विचारलं, "दादा, हात हलला का रे माझा?" नाही म्हणालो. तिला पटलं नाही. तेव्हापासून ती रेंजवर गेलेली नाही. जागा गेली त्याचा राग आहेच, पण तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवला, ते मी विसरणार नाही.

होळीनंतर पुन्हा चाचणी आहे. तिला तिथे घेऊन येणं माझं काम. तुमचं तुम्ही करा. तुमचं मूल सीलबंद डबी घेऊन त्या रांगेत उभं असेल, तर परीक्षकासमोर जा आणि सांगा, आधी सगळ्यांच्या हातात सारखे छर्रे द्या, मग नेम बघा. तो हो म्हणेपर्यंत तुमच्या मुलाला रायफल उचलू देऊ नका.